डाकबंगल्यातल्या पोरीची पोथी

ज्योतीरामचं लग्न झालं ते छप्पन साल. वैशाखात लग्न उरकलं आणि आषाढ लागायच्या आत पोरगा बायकोला घेऊन औषधांच्या कारखान्याच्या नव्या चाळीत राहायला गेला. कारखान्याचा भोंगा जवळ पडतो म्हणाला. चाळ काही दूर नव्हती. पिंपरी गावाच्या वेशीतून निघालं तर तोंडातलं पान संपायच्या आत माणूस तिथं पोचावा. पण रुक्मिणीबाईच्या घरातली तीन माणसं होती, त्यांचं एक झालं. तिचे मालक तर ज्योतीराम सात वर्षांचा असतानाच गेले होते.

आता घरात ती आणि दोन शेळ्या. एका भाकरीसाठी चूल पेटवायची तिला लाज वाटायची, म्हणून ती दोन थापायची आणि दुसरी संध्याकाळी शिळी खायची. उपाशी ती कधी राहिली नाही. पण दिवसच्या दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही, ते तिला सोसायचं नाही. शेळ्यांना हुर्र म्हटलं तेवढंच बोलणं. ‘जेवलीस का?’ असं आपल्याला कुणी विचारून किती दिवस झाले ते ती बोटांवर मोजायची, आणि बोटं संपली की नाद सोडून द्यायची.

नवरात्राच्या तोंडावर लालमहंमदनं एक निरोप आणला. हा चाकणचा. कांद्याचा ट्रक घेऊन पिंपरी कॅम्पात यायचा आणि परत जाताना तिच्या दारी पाणी प्यायला थांबायचा.

“मावशी, मुंबई रस्त्याला त्या नव्या खोल्या झाल्यात न्हवं? तिथं एक कारकून आलाय, अर्जुनराव म्हणून. त्याची बायको छातीनं आजारी हाय. डॉक्टरनं शेळीचं दूध सांगितलंय, आणि गावात कुणी द्यायला तयार न्हाई. उंबऱ्याशी जावं लागंल म्हणून भितात.”

“मला रोग लागून कुणाचं काय अडणार हाय?” रुक्मिणीबाई म्हणाली. “सांग त्याला, उद्या दुपारपासनं आणते.”

अर्जुनराव सज्जन माणूस होता, पण धास्तावलेला. त्यानं सगळं आधीच आखून ठेवलं होतं. आजारी बाई मागच्या खोलीत. तिची भांडी वेगळी, कपडे वेगळे, उकळून धुतलेले. रुक्मिणीबाईनं आत यायचं नाही. मागच्या खिडकीशी उभं राहायचं आणि गजातून बाहेर धरलेल्या पितळी पेल्यात वरून धार सोडायची. पेल्याला हात लावायचा नाही. आठ वर्षांची एक मुलगी होती, शालन. तिला लागण होऊ नये म्हणून कराडला मामाकडं पाठवलेली. अर्जुनराव सकाळी आठला कामावर जायचा तो सहाला यायचा. मधल्या वेळात घरात ती आजारी बाई एकटी.

सुमनताई तिचं नाव. तिशीतली असेल. आजाराआधी कराडला मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. पहिल्या दिवशी पेला भरल्यावर तिनं विचारलं, “रुक्मिणीबाई, तुम्ही जेवलात का?”

“व्हय व्हय,” रुक्मिणीबाई म्हणाली, आणि घरी जाऊन रडली.

दुसऱ्या दिवसापासून ती खिडकीखालच्या दगडावर घडीभर टेकायला लागली. शेळी बाजूला बाभळीच्या शेंगा खात राहायची. सुमनताई आत खाटेवर उशीला टेकून पुस्तक वाचत असायची. एक दिवस रुक्मिणीबाई म्हणाली, “मनातल्या मनात काय वाचताय? पोथी हाय तर मोठ्यानं वाचा, माझ्या बी कानावर पडंल.”

“पोथी नाही ओ, कादंबरी आहे. भुताची.”

“मग तर वाचाच.”

पुस्तकाचं कव्हर गेलेलं होतं, पहिली दोन पानंही गेलेली होती. नाव काय, कुणी लिहिलं, काही कळायला मार्ग नव्हता. सुमनताईनं तिसऱ्या पानापासून सुरुवात केली. गोष्ट एक लहान मुलगी सांगत होती, आणि सुमनताई वाचायला लागली की तिचा आवाजही लहान व्हायचा.

‘मी आठ वर्षांची आहे. आमच्या डाकबंगल्यात आम्ही चौघं राहतो. बाबा, आई, आत्या आणि मी. पाचवी आहे ती फक्त जेवायच्या वेळी येते. तिचे पाय नेहमी ओले असतात. सगळे खाली मान घालून जेवतात, म्हणजे तिच्याकडे बघावं लागत नाही. मी बघते. मला वाटतं तिला भूक लागली आहे.’

भर दुपारचं ऊन, रस्त्यावरून मालमोटारी चाललेल्या, आणि रुक्मिणीबाईच्या अंगावर काटा आला. तिनं पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. पोथी ऐकताना वहाणा घालून बसत नाहीत. दर दोन ओळींना ती ‘हूं’ म्हणायला लागली. पोथी सांगणाऱ्याला हुंकार लागतो, नाहीतर ऐकणारं झोपलं की मेलं ते त्याला कसं कळावं?

“पोरीचं नाव काय?” तिनं मधेच विचारलं.

“लिहिलेलं नाही. ती नुसतं मी म्हणते.”

“आता गं बया. घरात पण कुणी हाक मारत न्हाई तिला?”

सुमनताईनं दोन पानं मागंपुढं केली. “खरंच की. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कुणीच मारत नाही.”

असे आठ-दहा दिवस गेले. रोज दोन-चार पानं, जेवढा दम असेल तेवढी. रुक्मिणीबाईनं जन्मात ऐकलं होतं ते पोथ्या-पुराणं, नाहीतर तलाठ्यानं वाचून दाखवलेले कागद. छापलेलं खोटं असतं हे तिच्या गावीही नव्हतं. तिनं एका दिवशी लालमहंमदला दारात गाठलं.

“तू एवढा मुलूख हिंडतोस. नदीकाठी एक डाकबंगला हाय, पुढं चिंचेची दोन झाडं, मागं उतार. बघितलाय का कुठं?”

“कशापायी?”

“तिथं एक पोरगी हाय. तिला घरातली माणसं बोलत न्हाईत. आणि एक बाई येतीया वल्या पायांची. कुणीतरी जाऊन त्या पोरीला घेऊन यायला पायजे.”

लालमहंमदनं तांब्या खाली ठेवून सगळं विचारून घेतलं. मग सगळं कळल्यावर पोट धरधरून हसला. “मावशी, ती कादंबरी हाय! खोटं असतंय ते.”

“छापलंय की रं.”

“छापलेलं पण खोटं असतंय.”

“मग पंचांग बी खोटं? आणि तुज्या लग्नाची पत्रिका छापली व्हती, ती?”

“ती एवढी एक खरी निघाली,” लालमहंमद म्हणाला. “भोगतोय अजून.” पण जाताना तो ट्रकच्या खिडकीतून ओरडला, “बघतो मावशी, दिसला बंगला तर सांगतो!” आणि रुक्मिणीबाईला ते पुरलं.

कार्तिक संपता संपता डाकबंगल्यातली आत्या नदीवर गेली ती आलीच नाही. मग बाबा तिला शोधायला उतारावरून खाली गेले, तेही आले नाहीत. जेवायला आता तिघी. आई, मुलगी आणि ओल्या पायांची. पहिली दोघं गेली त्या दिवशी रुक्मिणीबाईनं सुमनताईला थांबू दिलं नाही. “मरणावर पोथी बांधू नये ताई. आमच्या गावात पांडवांची पोथी लागती, तवा कुणी मेलं की पुढं लगीन नाहीतर बाळंतपण येईस्तोवर वाचत बसत्यात. तिथंच बांधली तर ते मरण आयकणाराच्या घरी येतंय.” सुमनताई हसली होती आणि पुढचं पान वाचलं होतं, जिथं मुलीला अंगणात कासव सापडतं.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी आईची पाळी आली. सुमनताईचा आवाज सकाळपासूनच बसलेला होता. तिनं वाचलं, ‘आईनं माझी वेणी घातली. एरवी ती घट्ट घालते, आज सैल घातली. मग ती पायऱ्या उतरली. मी तिची साडी दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. साडी आधी भिजली, मग आई दिसेनाशी झाली.’

इथं तिनं पुस्तक मिटलं. “आज बस, रुक्मिणीबाई. घसा सोलल्यासारखा झालाय.”

“आसं कसं? आईच्या मरणावर बांधता? दोन पानं वाचा फकस्त. कुठंतरी काय बरं येईल.”

“उद्या वाचते ना.”

“ताई, तुमाला बी लेक हाय. मी सांगते म्हणून वाचा.”

लेकीचं नाव निघाल्यावर सुमनताईनं पुस्तक पुन्हा उघडलं. पहिलं पान वाचलं. त्यात काही बरं नव्हतं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर खोकल्याची उबळ आली, आणि उबळ थांबल्यावर तोंडातून आवाज निघाला तो वाऱ्यानं कागद फडफडल्यासारखा. पदर तोंडाशी धरला होता, तो लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी दूध घेऊन रुक्मिणीबाई गेली तर अर्जुनराव घरीच होता. “आजार घशात उतरलाय,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी बोलायला साफ बंदी केलीय. कुजबुजायलासुद्धा.” रुक्मिणीबाईला त्यानं बोल लावला नाही. त्याला ठाऊकच नव्हतं. पण तिला ठाऊक होतं. धार धरताना तिनं पेल्याकडं बघितलंच नाही, निम्मं दूध कठड्यावर सांडलं.

सुमनताईच्या उशाशी आता पाटी आली. काय हवं-नको ते ती पाटीवर लिहायची. नवऱ्याला ते वाचता यायचं. रुक्मिणीबाईला नाही. सुमनताईनं काहीतरी लिहून पाटी खिडकीशी धरली, तेव्हा रुक्मिणीबाई त्या पांढऱ्या वेलांट्यांकडं शेळीनं बघावं तशी बघत राहिली. “मला काय कळतंय त्यातलं,” म्हणाली. अशा पाच दुपारी गेल्या. खिडकी तीच, दगड तोच, आणि घरी होती तशीच मुकी दुपार इथंही आली.

त्या पाच दिवसांत रुक्मिणीबाईला झोप नव्हती. पोथी मरणावर बांधली गेली होती, आणि ज्या बाईनं तिच्या हट्टानं वाचलं तिचीच नखं काळी पडायला लागली होती. पुढची बावीस पानं राहिली होती. कुणाकडून वाचून घ्यावीत, तर गावातलं कोण त्या खिडकीशी येणार? सहाव्या दिवशी ती दगडावर बसली नाही. गजाला धरून उभी राहिली.

“ताई, मला शिकवा. मी वाचते पुढचं.”

सुमनताईनं पाटी पुसली, तिच्यावर दोन अक्षरं काढली आणि बाहेर बोट दाखवलं.

“शेळी?” रुक्मिणीबाई म्हणाली.

सुमनताईनं मान हलवली.

असं शिक्षण सुरू झालं. मास्तरीण मुकी, आणि विद्यार्थीण पन्नाशीची. सुमनताई शब्द काढायची आणि वस्तू दाखवायची. दूध, पेला, गज, दगड, बाभूळ. मग शब्दातलं एकेक अक्षर बोटानं झाकायची आणि रुक्मिणीबाईनं उरलेलं ओळखायचं. बरोबर आलं की मान वरखाली, चुकलं की आडवी. एकदा ‘गवत’ असं लिहिलं होतं आणि रुक्मिणीबाईनं दाखवलेल्या बोटाच्या रोखानं बघून ‘शेण’ म्हणून सांगितलं, तेव्हा सुमनताईला हसू आवरेना, आणि हसणंही बंद असल्यामुळं ती उशीत तोंड खुपसून नुसती हलत राहिली.

जोडाक्षरांनी जीव काढला. घरी रुक्मिणीबाई चुलीपुढच्या राखेत अक्षरं गिरवायची. ज्योतीराम एकदा रविवारी आला, त्यानं ती राख बघितली.

“आई, हे काय? म्हातारपणी कलेक्टर व्हायचं का काय?”

“पोथी राहिलीया एक,” ती म्हणाली. त्याला वाटलं देवाधर्माचं काही असेल. त्यानं चहा घेतला आणि तो गेला. जेवलीस का विचारायचं त्याच्या ध्यानात आलं नाही.

माघ सरत आला तेव्हा सुमनताई उशीला टेकूनही बसू शकत नव्हती. अर्जुनरावानं सांगितलं होतं, पुस्तक बाहेर न्यायचं तर आधी तासभर उन्हात ठेवायचं, म्हणजे रोग मरतो. तो सकाळी कामाला जाताना पुस्तक दगडावर उघडं ठेवून जायचा. दुपारी रुक्मिणीबाई वहाणा काढून बसायची आणि तापलेल्या पानावर बोट ठेवून वाचायची. अक्षर-अक्षर जोडून. एका ओळीला चिलीम ओढून व्हावी एवढा वेळ. आतून हुंकार येऊ शकत नव्हता, म्हणून सुमनताई दर ओळीला नखानं पेल्यावर टिचकी मारायची.

‘आ-ता आ-म्ही दो-घी-च. मी दो-न पा-नं वा-ढ-ते.’ टिक.

बावीस पानांची तीन पानं राहिली, तेव्हा सुमनताईनं पाटी वर केली. तीवर एकच शब्द होता. नको.

“कशापायी नको?”

सुमनताईनं पाटी हलवली. नको.

तिनं शेवट डोळ्यांनी कधीच वाचलेला होता, हे रुक्मिणीबाईच्या तेव्हा ध्यानात आलं. तिनं पुस्तक मांडीवर मिटलं, पण त्यात बोट तसंच ठेवलं. “ताई, आईच्या मरणावर बांधली आणि तुमचा गळा गेला. आता अर्ध्यात सोडली तर मी कुठं तोंड दाखवू? जे आसंल ते आसू द्या.” आणि वाचायला लागली. पेल्याची टिचकी पहिल्या दोन ओळींना आली नाही. तिसरीला आली.

शेवटचं पान वाचायला तिला ऊन कलेपर्यंत वेळ लागला. डाकबंगल्यात अन्न संपलेलं होतं. ओल्या पायांची बाई दारात उभी होती आणि पहिल्यांदाच तिनं हात पुढं केला होता. सगळ्यात खालच्या दोन ओळी होत्या. ‘मी ति-च्या हा-ता-ला हा-त ला-व-ला. तो मा-झ्या हा-ता-सा-र-खा-च गा-र हो-ता.’

संपलं. त्याखाली एक आडवी रेघ होती.

रुक्मिणीबाईनं ती रेघ बोटानं चाचपली. आत खाटेवर सुमनताई छताकडं बघत पडली होती आणि डोळ्यांतून पाणी कानांकडं वाहत होतं. ती कुणासाठी रडत होती हे सांगायला पाटी लागत नव्हती. कराडला मामाच्या घरी आठ वर्षांची पोर होती, आणि तिची वेणी घालायला तिच्या आईला आता पुन्हा जाता येणार नव्हतं.

रुक्मिणीबाईनं पान उलटलं. खाकरली. आणि पुढं वाचायला लागली.

“तेवढ्यात उतारावरनं कुणाची तरी हाळी आली. खालच्या गावातली एक बाई शेळ्या घेऊन वर आली व्हती. तिनं दारात बघितलं तर पोरगी एकटी. ती म्हणाली, अगं ए पोरी, हितं काय करतीस? जेवलीस का? पोरगी म्हणाली, न्हाई. मग त्या बाईनं वल्या पायांच्या बाईला बी बघितलं. म्हणाली, तू बी बस गं बया, तू बी कवाची उपाशी दिसतीस.”

ती अडखळत नव्हती. एकही अक्षर जोडून वाचत नव्हती. बोट पानावरून फिरत होतं, पण कुठंही न टेकता.

पाटीवर खडू वाजला. सुमनताईला हात उचलायला वेळ लागला. रुक्मिणीबाईनं वाचलं, “मा-ग-चं पा-न को-रं आ-हे.”

“आसंल,” रुक्मिणीबाई म्हणाली. “तुमाला तिथनं नीट दिसत न्हाई.”

सुमनताईनं मनगटानं पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. या खेपेला अक्षरं वाकडी होती, ओळ खाली घसरलेली.

“तिनं मु-ली-ला का-य दि-लं?”

“बाजरीची भाकरी,” रुक्मिणीबाई म्हणाली. “दोन थापल्या व्हत्या. तिला रोजच एक उरायची. आणि शेळीचं दूध, ताजं, वरनं धार धरून. पोरीनं सगळं संपवलं. मग त्या बाईनं तिची वेणी घातली, चांगली घट्ट. आणि म्हणाली, चल, माझ्या घरी कुणीच न्हाई. नाव काय गं तुजं?”

इथं ती थांबली. पुढचं तिला सुचेना, आणि पुस्तकात तर काहीच नव्हतं.

सुमनताईनं पाटी पुसली नाही. आधीच्याच शब्दांखाली, उरलेल्या जागेत, तिनं तीन अक्षरं काढली. रुक्मिणीबाईनं ती एका दमात वाचली.

“शालन.”

पेल्यावर टिचकी वाजली.

रुक्मिणीबाईनं पुस्तक धुतलेल्या फडक्यात बांधलं, त्यावर सुपारी ठेवली आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवून शेळ्या घेऊन घरी आली.

सुमनताई अर्जुनराव १९५७ सालच्या मार्च महिन्याच्या चौदा तारखेला, गुरुवारी, दुपारचं दूध पोचायच्या आधी वारल्या.